काडीला पाणी कमी, हवा जास्त

केळवे-माहीमचे विड्याचे पान दूरदूरच्या बाजारांत जाते, पण त्याची वेल कोणी बियांपासून लावत नाही. नागवेलीत नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात आणि आपल्याकडे तिला फळ धरणे दुर्मीळच. म्हणून जुन्या वेलीचे काही पेरांचे तुकडे काढायचे, ते सावलीत ओल्या मातीत पुरायचे, वेल वाढली की तिचेही पुन्हा तुकडे करायचे, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. विक्रमगड-जव्हारकडच्या ज्या मोगऱ्याच्या कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात, त्या मोगऱ्याचीही लागवड बियांनी होत नाही. पाऊस सुरू झाला की गावोगावी कुंपणाला खोवलेले पांगाऱ्याचे आणि मोगली एरंडाचे खुंट आपोआप पालवतात, ते वेगळेच. पालघर जिल्ह्यात फांदीपासून झाड करणे ही मुळीच नवलाई नाही.

तरीही बोईसरच्या इमारतींत, टॅप्स कॉलनीच्या अंगणांत किंवा पालघर स्टेशनजवळच्या चाळींत आणून लावलेल्या दहा काड्यांपैकी सात-आठ महिनाभरात काळ्या पडतात. मग निष्कर्ष निघतो, ‘आमच्या हाताला गुण नाही.’ बहुतेक वेळा दोष हाताचा नसून पाण्याचा असतो. छाटकलमांविषयीचे बरेचसे मार्गदर्शन कोरड्या हवेच्या प्रदेशातून आलेले आहे. तिथे काडी सुकून मरते, म्हणून ‘सतत ओले ठेवा’ हा सल्ला तिथे बरोबर ठरतो. आपल्याकडे वर्षातला मोठा काळ हवाच ओली असते. इथे काडी सुकण्याआधी कुजते. हा फरक ध्यानात ठेवला की पुढच्या बहुतेक गोष्टी सरळ होतात.

काडी रुजते कशी

फांदीच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचे संजीवक तयार होते आणि ते खोडातून खाली सरकत राहते. फांदी कापली की त्याची वाट कापाशी अडते आणि ते तिथे साठते. जखमेवर आधी पांढरट, खरबरीत गाठ येते आणि सालीच्या आतल्या जिवंत थरातील पेशी विभागून मुळांचे अंकुर धरतात. पेराजवळ, म्हणजे पान फुटते त्या सांध्याशी, हे काम सर्वांत लवकर होते. फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने १९२८ साली ओटच्या रोपांवरील प्रयोगांतून ऑक्सिन वेगळे काढून दाखवले. पुढे १९३५ मध्ये अमेरिकेतील झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे आयबीए, मुळे फुटायला अधिक उपयोगी असल्याचे दाखवले. कृषी सेवा केंद्रात ‘रूटिंग हार्मोन’ म्हणून मिळणाऱ्या पावडरीत बहुधा हेच असते.

या प्रक्रियेला तीन गोष्टी लागतात. पहिली, काडीत साठलेले अन्न. दुसरी, मुळे येईपर्यंत पानांतून जाणारे पाणी कमीत कमी राहणे. तिसरी, आणि आपल्याकडे नेमकी विसरली जाणारी, कापलेल्या टोकाला मिळणारी हवा. मुळे तयार करणाऱ्या पेशींना प्राणवायू लागतो. चिकट, पाण्याने भरलेल्या मातीत तो मिळत नाही आणि तिथेच बुरशीला मोकळे रान मिळते.

कोणती काडी घ्यावी

काडीचे वय ओळखता आले की निम्मे काम होते. पुदिना, तुळस, पानओवा, कोलियस यांचे कोवळे, हिरवे, रसदार शेंडे घ्यावेत. जास्वंद, मोगरा, अनंत, तगर यांची फांदी अर्धपक्व हवी, म्हणजे शेंडा हिरवा पण खालची साल तपकिरी होऊ लागलेली. वाकवली तर ती थोडी वाकते आणि मग कट्‌कन मोडते. बोगनवेल, गुलाब, डाळिंब, अंजीर, तुती यांची जून, पेन्सिलीएवढी जाड काडी चालते.

फुलांनी डवरलेली फांदी मोहात पाडते, पण ती घेऊ नये. तिचे अन्न फुलांत गेलेले असते. दुसरा पर्याय नसेल तर कळ्या-फुले सगळी खुडून टाकावीत. रोगट, पाने वळलेल्या झाडाची काडी घेतली तर रोगही घरी येतो. जास्वंदीची काडी घेताना पानाच्या बेचक्यात पांढऱ्या कापसासारखे काही दिसते का ते बघावे. तो पिठ्या ढेकूण. शंका आली तर काडी सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून धुऊन घ्यावी.

काडी सकाळी, ऊन चढण्याआधी कापावी. रात्रभर झाडाने पाणी ओढलेले असते, पाने ताठ असतात. माहेरून किंवा नातेवाइकांकडून काड्या लोकलने आणायच्या असतील तर त्या ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून पिशवीत ठेवाव्यात, पाण्याच्या बाटलीत खोचून नव्हे. ‘मनी प्लांट चोरून आणला तरच जगतो’ ही समजूत सर्वत्र आहे. मागून आणलेलाही तितकाच जगतो आणि शेजाऱ्याशी बोलणेही चालू राहते.

माती कसली

छाटकलमाला खत नको. शेणखत घातलेल्या, काळ्या, सुपीक मातीत काडी कुजण्याचीच शक्यता अधिक. तिला हवे ते पाणी झरझर खाली सोडणारे, तरीही किंचित ओलसर राहणारे आणि स्वच्छ माध्यम. कोकोपीट आणि धुतलेली नदीची जाडसर वाळू निम्मी-निम्मी, हे मिश्रण बहुतेक झाडांना चालते.

किनारपट्टीवर राहणाऱ्यांना वाळू म्हटली की केळवे, चिंचणी, शिरगाव आठवते. समुद्राची वाळू मात्र वापरू नये. तिच्यातील मीठ काडीतले पाणी उलट ओढून घेते आणि तिचे कण बारीक असल्याने हवाही अडते. शिवाय किनाऱ्यावरून वाळू उचलणे कायद्याला धरून नाही. बांधकामावरची नदीची वाळू मागून घ्यावी, दोन-तीन पाण्यांनी धुवावी आणि उन्हात वाळवावी. ती न मिळाल्यास विटांचा चुरा चाळून बारीक धूळ काढून टाकावी आणि वाटाण्याहून लहान खडे वापरावेत.

भाताच्या गिरणीतला तूस पालघर-वाड्याकडे मुबलक आहे. तो अर्धवट जळून काळा झालेला असेल तर काड्यांसाठी फार चांगला. हलका, हवा खेळती ठेवणारा आणि जळाल्यामुळे बराचसा निर्जंतुक. वीटभट्टीची पांढरी राख मात्र नको, ती खारट-क्षारट असते. काळा तूसही वापरण्याआधी एकदा धुवावा. नारळाच्या सोडणाचा भुसा वापरायचा तर तो दोनदा भिजवून पिळून घ्यावा, कारण त्यात मूळचेच क्षार असतात आणि खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणात तर मीठच उतरलेले असते. औद्योगिक वसाहतीतल्या नाल्याकाठची किंवा रस्त्याकडेची माती घरच्या झाडांना वापरू नये, खाण्याच्या झाडांना तर नाहीच.

पाण्याकडेही एकदा पाहावे. किनाऱ्याजवळच्या कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा मचूळ असते. कुंडीच्या कडेवर पांढरी खरपुडी धरत असेल तर ते पाणी काड्यांना घालू नये. पावसाळ्यात पत्र्यावरचे पहिले धुवण गेल्यानंतरचे पाणी बादलीत साठवावे, ते सर्वांत उत्तम. नळाचे पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून वापरावे.

भांडे खोल असण्यापेक्षा भोके असलेले हवे. दुधाच्या पिशव्या, कापलेल्या पाण्याच्या बाटल्या, रोपवाटिकेच्या काळ्या पिशव्या, काहीही चालेल. तळाशी चार-पाच मोठी भोके पाडावीत आणि भांडे ताटलीत न ठेवता दोन विटांवर ठेवावे, म्हणजे खालूनही हवा लागेल.

कापणे आणि लावणे

कोयत्याने किंवा बोथट कात्रीने कापल्यास खोड चेचते आणि चेचलेला भाग आधी कुजतो. धारदार सिकेटर किंवा नवे ब्लेड घ्यावे आणि प्रत्येक झाड बदलताना ते स्पिरिटने पुसावे.

काडी साधारण १५ सेंटिमीटर, तीन ते पाच पेरांची असावी. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका द्यावा. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर, सरळ द्यावा. तिरक्या-सरळ कापाचा एक साधा फायदा असा, की जून काडीची पाने झडलेली असली तरी खालची बाजू कोणती हे नंतर कळते. उलटी लावलेली काडी बहुधा रुजत नाही, कारण ऑक्सिनचा प्रवाह ठरलेल्या दिशेनेच जातो.

मातीत जाणारा भाग पूर्ण निष्पर्ण करावा. वर दोन-तीन पानेच ठेवावीत आणि ती मोठी असतील तर कात्रीने अर्धी कापावीत. सगळी पाने काढू नयेत. अर्धपक्व काडीला पानांतूनच अन्न आणि संजीवक मिळते. जून, पानगळ झालेल्या काडीला मात्र पाने नसली तरी चालते.

आता पावडर. कोवळ्या छाटासाठी साधारण ५०० ते १००० पीपीएम, अर्धपक्वासाठी १००० ते ३००० आणि जून काडीसाठी ३००० पीपीएम आयबीए असा अंदाज ठेवावा. आकडा डबीवर लिहिलेला असतो. काडीचे टोक ओले करून पावडरीला टेकवावे आणि जास्तीची पावडर झटकावी. थर दाट झाला तर मुळे लवकर येत नाहीत, उलट टोक करपते. डबीत थेट काडी बुडवू नये, थोडी पावडर कागदावर घ्यावी. मध, हळद, दालचिनी यांचा उपयोग फार तर बुरशी दूर ठेवण्यापुरता; मुळे फोडण्याचे काम ती करत नाहीत. पुदिना, पानओवा, मनी प्लांट यांना पावडरीची गरजच नाही.

काडी मातीत नुसती खुपसू नये, पावडर निघून जाते आणि साल सोलते. पेन्सिलीने भोक पाडून निदान दोन पेरे आत जातील अशी ती सोडावी आणि भोवतीचे मिश्रण बोटांनी दाबावे. एकदा पाणी घालावे आणि ते सगळे निथळू द्यावे. लावल्याची तारीख आणि झाडाचे नाव पिशवीवर मार्करने लिहावे. पालवी फुटली म्हणून घाई करावी की थांबावे, हे पुढे ती तारीखच सांगते.

पहिले तीन आठवडे

जागा उजेडाची, पण थेट उन्हाची नको. पडवी, पूर्वेची गॅलरी, किंवा ५० टक्के सावलीची हिरवी जाळी उत्तम. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारचे ऊन आणि समुद्रावरचा खारा वारा दोन्ही लागतात, तिथे काड्या ठेवू नयेत. पागोळ्यांखालीही नको. छपरावरून पडणारी धार एका रात्रीत मिश्रण उकरून काड्या हलवते, आणि हललेल्या काडीची तयार होत असलेली मुळे तुटतात.

प्लॅस्टिकची पिशवी किंवा बाटलीचा अर्धा भाग झाकण म्हणून लावण्याचा सल्ला सगळीकडे असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पालघरच्या हवेतच एवढा दमटपणा असतो, की बहुतेक झाडांना झाकण लागत नाही. लावलेच तर आत बुरशी माजते. ऑक्टोबरच्या उन्हात आणि फेब्रुवारीनंतर मात्र झाकण हवेच. तेव्हाही रोज सकाळी दहा मिनिटे ते काढून हवा बदलावी. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब धार धरून वाहत असतील तर आत पाणी जास्त आहे असे समजावे.

पाणी कधी द्यायचे? बोट पहिल्या पेरापर्यंत मिश्रणात घालावे. ओलसर लागले तर पाणी नको. पिशवी उचलून पाहण्याची सवय केली तर हाताला वजनावरूनच कळू लागते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदाही पाणी लागणार नाही असे अनेक आठवडे असतील. पाने मलूल दिसली की पाणी घालण्याचा मोह होतो. त्या वेळी आधी माती तपासावी. माती ओली असून पाने मलूल असतील तर खाली कूज सुरू झालेली आहे आणि पाण्याने ती वाढणारच.

बहुतेक जण आणखी एका ठिकाणी फसतात. वर कोवळी पालवी आली म्हणजे काडी लागली, असे समजून ती मोठ्या कुंडीत हलवली जाते. काडी आपल्या साठ्यावर पालवी फोडू शकते, मुळाशिवाय. काडी दोन बोटांनी हलकेच वर ओढावी. ती सहज वर येऊ लागली तर मुळे नाहीत, धरून राहिली तर आहेत. पिशवीच्या भोकातून पांढरे मूळ डोकावणे हा आणखी पक्का पुरावा. मगच शेणखत किंवा गांडूळखत मिसळलेल्या मातीत तिला हलवावे, आठवडाभर सावलीत ठेवावे आणि हळूहळू उन्हाची सवय करावी.

पाण्यात मुळे

मनी प्लांट, सिंगोनियम, कोलियस, पुदिना, तुळस यांची मुळे नुसत्या पाण्यातही येतात. निदान एक पेर पाण्यात असावे, पान मात्र एकही बुडालेले नसावे. मनी प्लांटच्या पेराशी तपकिरी, बोथट गाठ दिसते, ते हवेतले मूळ. ती नसलेला नुसता कांड्याचा तुकडा कितीही दिवस ठेवला तरी मूळ धरत नाही. बाटलीला बाहेरून कागद गुंडाळला तर आत शेवाळ धरत नाही.

पाणी दर तीन दिवसांनी पूर्ण बदलावे. यात दोन फायदे आहेत. ताज्या पाण्यात प्राणवायू असतो, आणि डासांच्या अळ्यांना वाढायला वेळ मिळत नाही. डेंग्यू पसरवणारे डास घरातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतात, तेव्हा गॅलरीतल्या बाटल्यांची ओळ विसरून चालणार नाही. मुळे चार-पाच सेंटिमीटर झाली की मातीत हलवावे. पाण्यातली मुळे नाजूक असतात, फार वाढवली तर मातीत रुळायला वेळ घेतात.

झाडागणिक थोडे वेगळे

मोगऱ्याची अर्धपक्व काडी जून-जुलैत लावावी, महिना-दीड महिन्यात मुळे धरते. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे दाबकलम. झाडाची खालची लांब फांदी वाकवून, एका पेराशी साल किंचित खरवडून, तो भाग मातीत दाबावा आणि वर दगड ठेवावा. मुळे येईपर्यंत तिला मूळ झाडाचे अन्नपाणी मिळत राहते, म्हणून ती मरत नाही. दोन महिन्यांनी मुळाच्या मागे कापून वेगळी करावी. नागवेलीच्या मळ्यात दरसाल वेल खाली उतरवून तिचा जुना भाग मातीत पुरतात, त्या ‘उतरणी’मागचे तत्त्व हेच. जाई, जुई आणि घरच्या कुंडीतली नागवेल यांनाही हे चालते.

जास्वंद तीन ते पाच आठवडे घेते. साधी लाल जास्वंद सहज रुजते; दुहेरी पाकळ्यांच्या, रंगीबेरंगी संकरित जाती हट्टी असतात, त्यांच्या जास्त काड्या लावाव्यात. अनंताला दमट हवा मानवते, तो पावसाळ्यातच लावावा आणि दोन महिने थांबायची तयारी ठेवावी. बोगनवेलीची जून काडी उन्हाळ्याच्या तोंडावर किंवा पावसाच्या सुरुवातीला लावावी. तिला माध्यम कोरडसर हवे.

गुलाबाची छाटणी आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास होते. छाटलेल्या फांद्या फेकू नयेत, त्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या लावाव्यात. गावठी सुवासिक गुलाब चांगला येतो. रोपवाटिकेतून आणलेला मोठ्या फुलांचा गुलाब मात्र रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेला असतो. त्याची काडी रुजली तरी ती स्वतःच्या, दुबळ्या मुळांवर उभी राहते. झाड लहानखुरे राहिले तर नवल मानू नये.

देवचाफ्याचे शास्त्र उलटे आहे. फेब्रुवारी ते एप्रिल, पाने झडलेली असताना, फूटभर लांबीची जाड फांदी कापावी आणि लावण्याआधी आठवडा-दोन आठवडे सावलीत नुसती पडू द्यावी. कापावरचा चीक सुकून टोक कोरडे झाले पाहिजे. ओल्या कापाने पावसाळ्यात लावली तर ती हमखास कुजते. निवडुंग, ब्रह्मकमळ म्हणून घरोघरी लावतात त्याचे पानासारखे चपटे खोड, जेड, यांनाही असेच दोन-चार दिवस सुकवावे. स्नेक प्लांटचे पान आडवे कापून आठ-दहा सेंटिमीटरचे तुकडे लावता येतात, पण खालचे टोक खालीच राहिले पाहिजे. पिवळ्या कडेच्या जातीचे पान असे लावले तर नवे रोप साध्या हिरव्या पानांचे येते. कड राखायची असेल तर मुळाशी आलेले पिल्लूच वेगळे करावे.

शेवग्याची शेंगांचा हंगाम सरल्यावर मनगटाएवढी जाड, मीटर-दीड मीटर लांबीची फांदी कापावी, काही दिवस सावलीत ठेवावी आणि पावसाच्या थोडे आधी, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर लावावी. भातखाचराच्या सखल कडेला ती टिकत नाही.

पानओवा नवशिक्यांनी सर्वांत आधी लावावा. कुठलाही शेंडा मोडून खोचला तरी थोड्याच दिवसांत धरतो, आणि त्याची भजी पावसाळाभर पुरतात. गवती चहाचे ठोंब फोडून लावतात, त्याची काडी नव्हे. कढीपत्त्याची फांदी क्वचितच रुजते. झाडाभोवती मुळांपासून येणारे मुनवे खणून घ्यावेत.

कण्हेरीची काडी सहज रुजते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. हातमोजे घालावेत, काम झाल्यावर हात धुवावेत, आणि उरलेल्या फांद्या शेळ्या-गुरांच्या वाटेवर टाकू नयेत किंवा चुलीत जाळू नयेत. डिफेनबेकियाचा रसही तोंडाला, डोळ्यांना लागता कामा नये.

जिथे काडी चालत नाही

घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची एक फांदी आणून कुंडीत लावली तर घरी चिकू लागेल, असे मात्र होत नाही. चिकूची काडी जवळजवळ रुजतच नाही. म्हणून बागायतदार रायणीच्या रोपावर चिकूचे कलम करतात. रायण सावकाश वाढते, पण तिची मुळे कणखर असतात. आंबा आणि बहाडोलीचे जांभूळ यांचेही तसेच, त्यांना कलमच हवे. सोनचाफ्यासाठीही कलमी रोप विकत आणणे शहाणपणाचे. कोसबाड टेकडीवरचे कृषी विज्ञान केंद्र आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे पालघरचे संशोधन केंद्र ही फळझाडांविषयी विचारायची जवळची ठिकाणे आहेत.

पेरू, कागदी लिंबू यांच्यासाठी गुटी कलम घरी जमण्यासारखे आहे. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरची तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढावी, आतला चिकट थर पुसावा, वरच्या कडेला पावडर लावावी, भिजवून पिळलेले शेवाळ (मॉस) भोवती गुंडाळून प्लॅस्टिकने दोन्ही टोकांना घट्ट बांधावे. पावसाचे पाणी आत शिरता कामा नये. दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून मुळे दिसली की खालून कापून लावावे.

बिघाड ओळखावा

बुडखा खालून वर काळा आणि मऊ पडत गेला तर ती ओली कूज. ती काडी वाचत नाही. शेजारच्या काड्या वाचवण्यासाठी तिला लगेच काढावे, पाणी थांबवावे आणि ते मिश्रण पुन्हा वापरू नये. काडी वरून खाली तपकिरी होत असेल तर ती सुकते आहे. अशा वेळी वरचा भाग हिरव्यापर्यंत छाटावा आणि सावली वाढवावी. मिश्रणावर पांढरी बुरशीची जाळी दिसली तर झाकण काढून हवा द्यावी. सुरुवातीलाच मिश्रणात ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची पावडर मिसळली तर पावसाळ्यात त्रास कमी होतो. नखाने साल किंचित खरवडून पाहावे, आत हिरवे दिसले तर महिना उलटला तरी आशा सोडू नये.

वर्षाचा बेत

पहिला पाऊस पडून जमीन निवली, की जून-जुलै हा मोगरा, जास्वंद, अनंत, तगर, नागवेल आणि गुटीचा काळ. ऑगस्टमधल्या झडीत नवे काही लावण्यापेक्षा लावलेले कुजण्यापासून वाचवावे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गुलाब आणि तुळस, पुदिन्यासारखे हिरवे शेंडे. नोव्हेंबर ते जानेवारी वाढ मंद असते, काड्यांना दीडपट वेळ द्यावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोगनवेल, डाळिंब, अंजीर आणि सुकवलेला देवचाफा. एप्रिल-मे हा शेवग्याचा आणि माध्यम धुऊन वाळवून ठेवण्याचा काळ.

एका वेळी एक काडी कधीच लावू नये. सहा लावाव्यात. दोन कुजतील, एक सुकेल, तीन धरतील, आणि घरात हवे असते एकच झाड. उरलेल्या दोनांसाठी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणारी हळदीकुंकवे आहेतच. प्लॅस्टिकच्या डब्यांचे वाण लुटण्यापेक्षा मुळे धरलेली तुळस किंवा पानओव्याचे रोप वाणात दिले तर ते पुढच्या वर्षी आणखी चार घरांत पोचते. त्यासाठी काड्या दसरा-दिवाळीच्या दरम्यान लावायला हव्यात. या आठवड्यात घरात आधी पाहायचे ते एवढेच : भोके असलेल्या सहा पिशव्या, धुतलेली वाळू, धारदार ब्लेड आणि काडी मागायला शेजारी.